‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि १८७३ची अमेरिका

जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ची चर्चा बहुधा धोंडीबा-जोतीराव संवादापासून सुरू होते. मला दर वेळी त्याआधीच, अर्पणपत्रिकेपाशी थांबावे लागते. अमेरिकेतील सज्जनांनी निःस्वार्थ बुद्धीने गुलामांना मुक्त केले. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, असा तिचा आशय. या पानाचा गौरव पुष्कळ होतो. पण जोतीरावांनी गौरवलेली अमेरिका त्या वर्षी होती कशी?

वेगवेगळ्या देशांतल्या तारखा एका वहीत शेजारी शेजारी मांडण्याची मला जुनी खोड आहे. पुस्तकाच्या प्रस्तावनेखाली तारीख आहे १ जून १८७३. त्याआधी सातच आठवडे, १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी लुइझियानातील कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. शरण आलेल्यांनाही सोडले नाही. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘स्लॉटरहाउस’ खटल्यात चौदाव्या घटनादुरुस्तीचा (१८६८) अर्थ आवळला. खटला खाटीकखान्याच्या मक्तेदारीचा, तक्रार गोऱ्या खाटकांची; पण नागरिकत्वाचे बहुतेक हक्क त्यामुळे राज्यांच्या मर्जीवर गेले. पुढे १८७७ साली केंद्राच्या फौजेनेही दक्षिणेतून अंग काढून घेतले.

म्हणून जोतीराव चुकले का? तसे मला वाटत नाही. १८७३ साली ही लढाई हरलेली नव्हती. काळे प्रतिनिधी काँग्रेसमध्ये बसत होते. शिवाय अर्पणपत्रिकेचा खरा रोख इथल्या उच्चवर्णीयांवर आहे. त्यांना लाजवावे म्हणून ती लिहिली आहे. माझी हरकत निराळी आहे. तिथे मुक्तीचे सारे श्रेय मुक्त करणाऱ्यांच्या औदार्याला जाते. गुलामीतून पळून येऊन लेखणी आणि व्यासपीठ गाजवणारा फ्रेडरिक डग्लस त्या पानावर नाही, उत्तरेच्या बाजूने लढलेले सुमारे १,८०,००० काळे सैनिकही नाहीत. त्याच सप्टेंबरात सत्यशोधक समाज काढणाऱ्या माणसाकडून हे सुटावे, याचे नवल वाटते.

आणि जमीन. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम काढला. अध्यक्ष जॉन्सनने त्याच वर्षी ती जुन्या मालकांना परत द्यायला लावली. मग बटाईची शेती आणि दुकानदाराची न फिटणारी उधारी. ‘गुलामगिरी’ला हे दिसत नाही, पण ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) जोतीराव सावकार, गहाणखत, कोर्ट, कारकून यांच्या मागे हात धुऊन लागतात. माझ्या मते ‘असूड’ ही त्या अर्पणपत्रिकेला त्यांनी स्वतःच केलेली दुरुस्ती आहे.

हे ओळखायला ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला फार वाचावे लागत नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी मालकाकडे राबणाऱ्या आदिवासीला इकडे ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५च्या वारली उठावाने त्या प्रथेवर घाव घातला. देशभरातली वेठबिगारी १९७६च्या कायद्याने रद्द झाली. आमच्या आसनगावच्या आसपास दिवाळी उलटली की कातकरी कुटुंबे भांडीकुंडी, पोरे, कोंबड्या घेऊन वीटभट्टीवर निघतात. उचल पावसाळ्यातच घेतलेली आणि खर्चलेली असते. हिशेब पुढच्या पावसाच्या तोंडावर होतो, आणि वही मालकाकडे असते.