पाणी न उतरलेली गरी

माझ्या तळहातावर दीड इंचाची एक माशी आहे. खऱ्या माशीशी तिचं साम्य शोधू नका. पाण्यातून हळूहळू ओढली की ती चिंगळासारखी दिसते, आणि दाभोळ खाडीतल्या तांबोशीला तेवढं पुरतं. सावर्ड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांनी ती बांधली. उमेदीची वर्षं बोटीवर गेली, आणि कुठल्याशा परक्या बंदरात हे वेड त्यांना लागलं. जगभर हिला ‘फ्लाय’ म्हणतात. ते म्हणतात ‘पिसाची गरी’. बघणाऱ्याची नजर आधी पिसांवर जाते. तुम्ही दांडी बघा, कारण गरी जुनी आहे. हिच्यावर आधी दुसरी माशी होती, ती मासे चावून चावून विस्कटली.

ती कशी उतरवली, इथपासूनच कसब सुरू होतं. सोपा मार्ग मेणबत्तीचा: ज्योतीवर धरा, पिसं-दोरा भुर्रकन जळून जातो. पण त्याबरोबर पोलादाचं पाणीही उतरतं. १४९६ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात घरच्या सुयांपासून गळ कसा करावा ते सांगितलंय. सुई तापवून मऊ करायची, वाकवायची, मग पुन्हा तापवून पाणी द्यायचं. म्हणजे सगळी करामत त्या पाण्यात. ते एका काडीपेटीत घालवणं आजोबांना जमणारं नाही. ते जुनं ब्लेड घेतात आणि टोकाच्या विरुद्ध बाजूनं, दांडीच्या पाठीवरून, एकच लांब चीर देतात. सगळा जुना पोशाख शेंगेच्या सालीसारखा उलगडतो. दांडीवर ब्लेडचा एक ओरखडाही नाही. भिंग लावून पाहिलं मी.

मग परीक्षा. गरी वाईसमध्ये धरायची, नखानं दांडी खाली दाबायची आणि सोडायची. “ऐक,” ते म्हणाले. चांगल्या गरीचा बारीक, कोरडा ‘टिंग’ आला. दुसरी वाकली ती वाकलेलीच राहिली. तिसरी कट्कन मोडली. वरून निव्वळ तपकिरी दिसत होती, पण गंजानं आत खड्डा केला होता. तंबोरा लावणाऱ्याला जव्हारी कळते, तसा हा कान आहे.

टोकाची कसोटी अंगठ्याच्या नखावर. टोक नखावर हलकेच ओढायचं. घसरलं तर बोथट, अडकलं तर धार आहे. बोथट टोकाला बारीक कानशीचे तीन बाजूंनी दोन-दोन हात, जास्त नाही. कानस लागली की वरचा मुलामा जातो आणि नवा गंज नेमका टोकापासून धरतो, म्हणून लगेच खोबरेलाचं बोट. गरीच्या डोळ्यात जुनं रोगण साचलेलं असतं; ते सुईनं कोरून काढायचं, आणि कडेला कच राहिली नाही ना हे बघायचं. नाहीतर तंगूस तिथेच कापला जातो, आणि मासा सुटला की दोष नशिबाला.

आता दोरा. गंज खरवडून काढल्यावर दांडी जराशी खरखरीत राहते. नव्या गुळगुळीत दांडीवर दोरा फिरतो, इथे तो पकडून बसतो. हा जुन्या गरीचा गुण. मला तर नव्यापेक्षा हीच आवडली. मात्र उरलेला गंज आतून पसरू नये म्हणून आधी नेलपॉलिशचा पातळ हात दिलाय. अंगावर जुन्या शालूची जर, आणि ती दोऱ्याच्या उलट्या दिशेनं गुंडाळलेली. माशाच्या दातानं खालचा दोरा एका जागी तुटला, तरी वरची आडवी जर त्याला सुटू देत नाही. दिसायला दागिना, कामाला पट्टा.

पिसात मात्र माझा अंदाज चुकला. मला वाटलं, कोंबड्याच्या मानेचं तजेलदार पीस असेल. पण ते ताठ, तरंगत्या माशीला योग्य. ही बुडून चालणार, म्हणून कोंबडीचं मऊ पीस. ओढीबरोबर मिटतं, थांबलं की उमलतं. डोळ्यांची गोष्ट तर और आहे. परदेशातल्या जुन्या सामन-माश्यांवर आपल्याच सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस असायचं, मेणाचा पिवळा थेंब पडल्यासारखं. त्या पक्ष्याला १८१३ साली सोनेरा या फ्रेंच निसर्गअभ्यासकाचं नाव मिळालं. आज तो कायद्यानं संरक्षित, आणि पहाटे इथल्या डोंगरातून आरवतो. आजोबांनी काळ्या पिसावर पिवळ्या नेलपॉलिशचे दोन थेंब ठेवलेत. थेंबाचा वरचा फुगवटासुद्धा तसाच.

शेवटी गाठ शोधा. सापडणार नाही. दोऱ्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली घालून ओढून घेतलंय. दोरखंडाचं टोक उसवू नये म्हणून खलाशी जो बांध घालतात, त्याचीच ही चिमुकली आवृत्ती. बोटीवरचा हात इथे ओळखू येतो.

त्या संध्याकाळी डबीतून अकरा गऱ्या निघाल्या. आठ त्यांनी बाद करून झाकणाच्या बाटलीत टाकल्या, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. तीन बांधल्या. त्यातली ही एक.