घनवाद : उसना की आपला?

आपल्याकडचा घनवाद उसना, असं सरसकट म्हटलं जातं. जहांगीर साबावालांची चित्रं घेऊन हे तपासू. जे. जे.मधून शिकून ते पॅरिसला आंद्रे लोतकडे गेले. पिकासो आणि ब्राक यांनी १९०७ ते १९१४ या काळात वस्तू फोडून तिच्या अनेक बाजू एकाच चित्रात मांडल्या होत्या. लोतच्या वर्गात त्या बंडाची शिस्त झाली होती. साबावालांच्या सुरुवातीच्या चित्रांत ही शिस्तच जास्त दिसते. पुढे साठच्या दशकापासून मात्र तेच कोन वस्तू फोडायचं सोडून उजेडाचे थर लावू लागतात: समुद्र, धुकं, आभाळ. व्याकरण पॅरिसचं, वाक्य त्यांचं. वसईच्या किनाऱ्यावरची संध्याकाळ बघून मग ही चित्रं बघा. उसनं काय उरतं, तुम्हीच सांगा.