हैदराबादची रांग

मलकपेठहून लाल मार्गाच्या मेट्रोत बसायचं, अमीरपेठला निळी पकडायची आणि हायटेक सिटीला उतरायचं. या वाटेवरच्या स्टार्टअपवाल्या पोरांच्या तोंडी ‘स्प्रिंट’, ‘स्टँडअप’, ‘कानबान’ सतत असतं. पण सॉफ्टवेअरमधल्या कानबानची, म्हणजे एका वेळी मोजकीच कामं हाती घेण्याच्या पद्धतीची, पहिली गोष्ट म्हणून जी सांगतात, ती याच शहरातल्या सहा जणांची आहे, हे त्यांना सहसा ठाऊक नसतं.

साल 2004. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत वापरातल्या ऐंशीएक प्रणालींची डागडुजी हैदराबादच्या एका चमूकडे होती. तीन डेव्हलपर, तीन टेस्टर. कामाची शिस्त उत्तम, तरीही एक किरकोळ बदल हातात पडायला पाच महिने लागत आणि तुंबलेली कामं वाढतच होती. कंपनीच्या मुख्यालयात, रेडमंडला बसून द्रागोश दुमित्रिऊ यांनी हे काम अंगावर घेतलं, सल्ल्याला डेव्हिड अँडरसन होते. दोघांनी काय केलं, त्यापेक्षा कशाला हात लावला नाही, हे बारकाईनं बघण्यासारखं आहे.

पहिला घाव घातला तो अंदाजांवर. कोणतीही मागणी आली की 48 तासांत तिच्या खर्चाचा ढोबळ अंदाज द्यायचा, असा नियम होता. वरवर पाहता किती जबाबदार! पण त्यासाठी एका डेव्हलपरला आणि एका टेस्टरला हातातलं काम खाली ठेवावं लागे, आणि चमूची तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त ताकद त्यातच जिरे. वर गंमत अशी, की अंदाज काढलेल्या मागण्यांपैकी निम्म्याच्या आसपास पुढे कधी झाल्याच नाहीत. म्हणजे न होणाऱ्या कामांच्या हिशेबासाठी होणारी कामं थांबत होती. दुमित्रिऊंनी अंदाज बंदच केले. फक्त फार मोठं निघालेलं काम वेगळा प्रकल्प म्हणून बाजूला काढायचं, एवढी एक पळवाट ठेवली. व्यवस्थापनात काही नवं जोडणारे पुष्कळ भेटतात. आदरानं पाळला जाणारा नियम उचलून टाकणारा हात विरळा.

दुसरी जागा रांगेची. मलकपेठच्या गंजात, म्हणजे घाऊक बाजारात, कांद्याच्या गाड्या कितीही येऊ देत, हमालांचे हात जेवढं उतरवतील तेवढंच उतरणार. आत गर्दी केली तर उलट वाट अडते. चमूच्या कामातही तेच ओळखलं. डेव्हलपरच्या हातात एका वेळी एकच काम, त्याच्यामागे मोजकी कामं तयार, बाकी सगळं दाराबाहेर. सर्वांत अडणाऱ्या टप्प्याच्या चालीनंच नवं काम आत सोडायचं, या व्यवस्थापनतज्ज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांच्या ढोल-साठा-दोरी कल्पनेतून हे आलं. टोयोटाच्या कानबानशी त्याचं नातं पुढे ठळक झालं. खरी नजाकत मागणाऱ्यांशी झालेल्या बोलण्यात आहे. पूर्वी ते आपलं काम कधी होणार म्हणून भांडत. आता त्यांच्यापुढे एवढंच ठेवलं जाई: जागा रिकामी झाली आहे, पंचवीस दिवसांत मिळेल असं कोणतं काम हवं? भांडणारे आपसूक निवड करू लागले.

आणि संयम तर पाहा. भिंतीवर फळा नाही, रंगीत चिठ्ठ्या नाहीत; त्या अँडरसन यांच्या पुढच्या नोकरीत, कॉर्बिसमध्ये आल्या. आज मात्र नवी कंपनी आधी चिठ्ठ्या विकत घेते, असो. हैदराबादकरांची कोड लिहिण्याची, तपासण्याची पद्धत जशीच्या तशी राहिली. अँडरसन लिहितात, की मोठा काही बदल झाल्याचं तिथल्या लोकांना जाणवलंही नाही.

मला सर्वात भावतो तो क्रम. प्रवाह सुरळीत झाल्यावर टेस्टरांचे हात रिकामे राहताना दिसले, तेव्हा त्यांच्यातल्या एकाला डेव्हलपर केलं. तीनास तीनचं चारास दोन झालं. आणखी दोन माणसं त्यानंतर, 2005च्या मध्याला घेतली. 22 नोव्हेंबर 2005 रोजी तुंबलेलं सगळं काम संपलं होतं. एका मागणीला सरासरी 14 दिवस लागत होते. ती दोन माणसं पहिल्याच महिन्यात घेतली असती, तर त्यांच्याही वेळेचा तिसरा हिस्सा न होणाऱ्या कामांचे अंदाज काढण्यातच गेला असता.