‘जो कोणी’ : एका कलमाचे परीक्षण

कायद्याच्या कलमाचे परीक्षण साहित्यविषयक मासिकात कशाला, असा आक्षेप पुष्कळ वाचक घेतील. त्यांस आमचे इतकेच सांगणे आहे की, कादंबरीकाराने एखादे सर्वनाम ढिलेपणाने वापरले तर वाचकाची फार तर एक संध्याकाळ वाया जाते. कायदेकाराने ते तसे वापरले तर सोळा वर्षांच्या एखाद्या मुलीचे आयुष्य वाया जाऊ शकते. आम्ही येथे ज्या सर्वनामाचा विचार करणार आहोत ते ‘जो कोणी’ हे होय. आपल्या दंडविधानांतील बहुतेक कलमे ह्याच दोन शब्दांनी उघडतात, आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ह्याचे कलम ६७-ब त्यास अपवाद नाही.

हे कलम २००८ च्या दुरुस्तीने मूळ अधिनियमात आले व २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आहे. त्याचा आशय थोडक्यात असा की, जो कोणी बालकांस अश्लील वा उघड लैंगिक स्वरूपात दाखविणारी चित्रे तयार करील, गोळा करील, शोधील, पाहील, उतरवून घेईल, किंवा बालकांच्या लैंगिक कृतीची सामग्री प्रसिद्ध करील वा पाठवील, त्यास पहिल्या अपराधाबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होईल. बालक म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. क्रियापदांची ही माळ ओवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण उभा होता हे ओळखण्यास फारशी कल्पकता लागत नाही. कोवळ्या मुलांस फसवून त्यांची चित्रे घेणारा, ती विकणारा, ती साठवून ठेवणारा प्रौढ मनुष्य त्याला दिसत होता. अशा नराधमावर हे कलम कितीही कठोरपणे पडले तरी आमची तक्रार नाही.

परंतु हेच कलम घेऊन आमच्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी यावे. येथे काय किंवा मुंबईत काय, अकरावी-बारावीच्या वर्गांत बसणारी बहुतेक मुले कायद्याने बालकेच आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या हाती मोबाईल आहे. समजा, सोळा वर्षांच्या एका मुलीने स्वतःचे एक विवस्त्र छायाचित्र काढून आपल्याच वर्गातील मुलास पाठविले. हे शहाणपणाचे झाले असे आम्ही म्हणत नाही. प्रेमात पडलेल्या सोळा वर्षांच्या माणसाकडून शहाणपणाची अपेक्षा कोणत्या वाङ्मयाने केली आहे? पण कलमाची क्रियापदे आता पुन्हा वाचावीत. ‘तयार करील’ हे मुलीस लागू पडते. ‘पाठवील’ हेही, चित्र त्या प्रकारचे असेल तर, मुलीसच लागू पडते. ‘गोळा करील’, ‘पाहील’ ही मुलाच्या वाट्यास येतात. ज्या बालकाच्या रक्षणासाठी कलम लिहिले तेच बालक त्याच्या शब्दांप्रमाणे पहिले अपराधी ठरते. त्या मुलाने ते चित्र चार मित्रांस दाखविले, किंवा ते सर्वत्र पसरविण्याचा धाक घालून मुलीकडून पैसे वा आणखी चित्रे उकळली, तर खरा अपराध तेथे घडतो. आणि नेमक्या त्याच घटकेस, पोलीस ठाण्याची पायरी चढताना, आपणही कायदा मोडला आहे ही धास्ती तिच्या मनात असते. धाक घालणाऱ्याच्या हाती ह्याहून चांगले हत्यार कोणते द्यावे?

हा घोटाळा का झाला ह्याचे कारण आमच्या मते वाङ्मयीन आहे. अश्लीलतेचा आपला सारा कायदा पुस्तकावर बेतलेला आहे. पुस्तकास लेखक असतो, मुद्रक असतो, विक्रेता असतो, आणि ह्या सर्वांपासून अगदी निराळा असा वाचक असतो. १८६८ च्या हिकलिन खटल्यात इंग्लंडमध्ये जी कसोटी ठरली ती ह्या वाचकाची, म्हणजे ज्यांची मने असल्या लेखनाने बिघडण्याजोगी आहेत अशांची होती. भारतीय दंडसंहितेच्या कलम २९३ ने तर वीस वर्षांखालील वाचक वेगळा काढून त्यास अश्लील वस्तू विकणाऱ्यास अधिक शिक्षा सांगितली होती. तरुण मुलगा हा ह्या सर्व विचारात नेहमी वाचक म्हणून येतो, बिघडविला जाणारा म्हणून येतो. तो स्वतःच कर्ता, चित्राचा विषय, प्रकाशक आणि प्रेक्षक असा एकवटून येईल ही कल्पना त्या कायद्यास सुचणे शक्य नव्हते. मोबाईलने ती प्रत्यक्षात आणली, पण शब्द जुनेच राहिले.

मराठी लेखकांस ह्या कायद्याचा अनुभव जुना आहे. ‘समाजस्वास्थ्या’च्या र. धों. कर्व्यांवर खटले झाले. १९३४ साली त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी कर्व्यांस शिक्षा चुकली नाही. मर्ढेकरांस आपल्या कवितांसाठी न्यायालयात उभे राहावे लागले. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, मुंबई उच्च न्यायालयाने तीबद्दल त्यांस दोषी धरले, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस सोडले. संपूर्ण कृती वाचा, लेखकाचा हेतू काय, ती कोणासाठी आहे ते पाहा, असे हळूहळू न्यायालये शिकत गेली, आणि २०१४ च्या अवीक सरकार प्रकरणात हिकलिनची कसोटीच टाकून देण्यात आली. ह्या शिक्षणाचे फळ ६७-ब मध्येही दिसते. त्याच्या परंतुकात विज्ञान, साहित्य, कला व विद्या ह्यांच्या हितार्थ असलेल्या पुस्तकास, चित्रास, आकृतीस सूट आहे. म्हणजे लेखकाची, चित्रकाराची, संशोधकाची सोय झाली. छायाचित्रात जिचे शरीर आहे त्या मुलीची मात्र झाली नाही. आम्ही लेखकवर्गातील असल्याने हे वाचून थोडी लाजच वाटली.

कोणी म्हणेल, कायदेकारास बालकासाठी अपवाद लिहिण्याची सवय नसावी. तसे नाही. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाचे, म्हणजे पोक्सोचे, कलम १९ असा अपराध कळल्यास पोलिसांस कळविण्याचे कर्तव्य प्रत्येकावर घालते आणि ‘प्रत्येकात’ बालकासही मोजते; पण न कळविल्याची शिक्षा सांगताना कलम २१ बालकास स्पष्ट शब्दांनी वगळते. खोटी तक्रार केल्याची शिक्षा कलम २२ बालकास लावू देत नाही. दोन ठिकाणी जी लेखणी थबकली ती तिसऱ्या ठिकाणी सरळ पुढे गेली, असे आम्हांस दिसते.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असल्या सामग्रीविषयी जो निकाल दिला त्यातील एक भाग कोणत्याही भाषाभ्यासकास आनंद देईल. ‘पोर्नोग्राफी’ हा शब्द मुलांच्या बाबतीत वापरू नये, कारण त्यातून राजीखुशीचा भास होतो; प्रत्येक चित्रामागे एका बालकाचे शोषण आहे, तेव्हा शब्दही शोषणाचा असावा, असे न्यायालयाने सांगितले. लैंगिक शिक्षणाची निकडही त्याच निकालात आहे. ती वाचून कर्व्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. शब्दाचा हा निवाडा आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. पण त्यातूनच आमचा प्रश्न अधिक टोकदार होतो. शोषण ही जर ह्या सामग्रीची व्याख्या, तर मुलीने स्वखुशीने काढलेल्या चित्रात शोषक कोण? चित्र पुढे पाठविले जाईपर्यंत तो जन्मासच येत नाही.

अज्ञानाच्या अपराधास आपल्याकडे निराळे न्यायमंडळ आहे, मग एवढी चिंता कशाला, असेही विचारले जाईल. बाल न्याय अधिनियम, २०१५ हा आम्हांस भाषेच्या दृष्टीने फार सुसंस्कृत वाटतो. बालकासंबंधी कलंक लावणारे शब्द योजू नयेत असे त्याच्या मूलतत्त्वांतच लिहिले आहे, आणि आपली वृत्तपत्रेही आता ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा लांबलचक पण सभ्य शब्द छापतात. तथापि पोलीस घरी येणे, मोबाईल जप्त होणे, शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहणे ह्यांस सभ्य शब्द नाही. लहान गावात मंडळाच्या आदेशापूर्वीच निकाल लागलेला असतो.

आमच्या गावच्या चिंतामणीची आख्यायिका प्रसिद्ध आहे. गौतमाच्या शापाने ग्रासलेल्या इंद्राने येथे तप केले आणि तो मुक्त झाला, असे सांगतात. फसविणाऱ्यास प्रायश्चित्ताचे क्षेत्र मिळाले. फसविली गेली ती अहल्या मात्र शिळा होऊन दुसरीकडे पडून राहिली. भाविकांनी रागावू नये, पण हे कलम वाचताना ती कथा आम्हांस वारंवार आठवली.

परदेशांतही हा पेच सुटला आहे असे नाही. अमेरिकेतील मेरीलंड राज्यात एका सोळा वर्षांच्या मुलीने स्वतःची चित्रफीत दोन मित्रांस पाठविली होती. २०१९ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने, कायद्याच्या शब्दांत अशा बालकास वगळलेले नाही म्हणून, तिला अशी सामग्री वाटल्याबद्दल जबाबदार धरले. न्यायाधीशांनी शब्दांस इमान राखले हे खरे. उलट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली, कायदा रद्द न करता, स्वतः काढलेल्या व केवळ स्वतःजवळ ठेवलेल्या चित्रांपुरती आणि परस्परांच्या संमतीने घेतलेल्या खासगी चित्रणापुरती त्यात एक लहानशी खिडकी उघडली. चित्र बाहेर गेले की ती बंद होते. आमचा कल अर्थातच ह्या खिडकीकडे आहे.

विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात संमतीचे वय अठराच ठेवावे, पण सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या प्रकरणांत शिक्षा देताना न्यायाधीशांस तारतम्याची मोकळीक असावी असे सुचविले. तारतम्य चांगलेच, पण शिक्षेतील तारतम्य दोष सिद्ध झाल्यानंतर येते. आम्हांस हवे आहे ते कलमाच्या मुखाशी. ६७-ब च्या परंतुकात साहित्य व कला ह्यांच्या शेजारी आणखी एक वाक्य बसावे: ज्या बालकाचे चित्र आहे त्या बालकाने ते स्वतः तयार केले किंवा समवयस्कास पाठविले, एवढ्यावरून ते बालक अपराधी होणार नाही. चित्र पुढे पाठविणारा, ते दाखवून धाक घालणारा, मग तोही बालक का असेना, ह्या वाक्याच्या आश्रयास येणार नाही. त्याचा विचार बाल न्याय मंडळाने करावा.

ह्या वाक्यात एक शब्द कच्चा राहिला आहे हे आम्ही जाणतो. ‘समवयस्क’ म्हणजे किती वर्षांच्या अंतराचा? बारावीतील मुलगी आणि पदवीच्या पहिल्या वर्षातील एकोणीस वर्षांचा मुलगा ह्यांत अंतर थोडे आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तो प्रौढ आहे. दोन वर्षे म्हणावे तर तो आत येतो. तीन म्हणावे तर त्याच्याहून मोठाही येतो. आम्ही दोन वर्षांच्या बाजूने आहोत, आणि ज्यांचे मत तीनचे आहे त्यांनी आपली कारणे ह्याच मासिकात मांडावीत.