हेअरफोर्ट यांचा निबंध : निरीक्षण व अनुमान

डॅनिश नेत्रवैद्य ख्रिश्चन हेअरफोर्ट यांनी १९०९ साली ग्रेफेच्या जर्मन नेत्रवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे शीर्षक परिच्छेदाएवढे लांब आहे. परंतु निबंधाचे खरे मोल त्या शीर्षकातच साठविलेले आहे. रेंगाळणारा ज्वर, कानाजवळील लालापिंडाची सूज, डोळ्याच्या मधल्या पडद्याचा दाह आणि त्यांस वारंवार जोडून येणारा मज्जातंतूंचा लुळेपणा ही एकाच व्याधीची अंगे होत, हे त्यांनी अचूक हेरले. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेल्या रुग्णाचे डोळे तपासावेत, ही दृष्टी वैद्यकास येथून लाभली.

अनुमान मात्र फसले. पिंड सुजला म्हणून दोष गालगुंडाच्या माथी आला. गालगुंड काही दिवसांत ओसरते. येथे सूज दीर्घकाळ टिकते. ही विसंगती त्यांनीच योजलेल्या ‘सबक्रॉनिक’ या विशेषणात उघडी पडलेली आहे.

बेक यांनी त्वचेतील ‘सार्कॉइड’ गाठींचे वर्णन १८९९ सालीच केले होते. तो धागा न जुळल्याचे खापर एकट्या हेअरफोर्ट यांच्यावर फोडणे अन्यायाचे होईल; त्वचारोग व नेत्ररोग यांचे कप्पेच निराळे होते. दोहोंचे नाते १९३० नंतरच्या दशकात प्रस्थापित झाले. बेक यांचे ‘सौम्य’ हे विशेषण तर, दृष्टीचा मज्जातंतूच ग्रासला गेलेल्या रुग्णास, क्रूर थट्टा वाटावी.