शोधशब्द-साधनांविषयीचे ग्राहक-अभिप्राय : एक चिकित्सा

प्रस्तावना :

वाणिज्य व संगणक शाखेच्या अनेक अभ्यासक्रमांत आज ऑनलाइन विपणन हा विषय शिकविला जातो. ग्राहक इंटरनेटवर कोणते शब्द टाकून वस्तू किंवा सेवा शोधतात याचा अभ्यास, म्हणजेच कीवर्ड संशोधन, हा त्यातील महत्त्वाचा घटक होय. या कामासाठी गुगलचे कीवर्ड प्लॅनर, सेमरश, एचरेफ्स, उबरसजेस्ट इत्यादी साधने वापरली जातात. यांपैकी कोणते निवडावे असा प्रश्न आला की शिक्षक व विद्यार्थी बहुधा ग्राहकांचे अभिप्राय वाचतात. पाचपैकी साडेचार तारे मिळाले म्हणजे साधन उत्तम, असा सोपा हिशेब मांडला जातो. हा हिशेब कितपत टिकतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणासाठी भोपाळमधील सोनागिरी ही वस्ती घेतली आहे. कारण मोठ्या बाजारपेठेत झाकली जाणारी उणीव लहान जागी लगेच उघडी पडते.

अभिप्राय कशाची साक्ष देतो?

अशा साधनांविषयीचे अभिप्राय वाचताना त्यांतील विधाने दोन प्रकारची असतात, हे ध्यानात घ्यावे लागते. साधन वापरण्यास सोपे आहे, मदत लवकर मिळते, वर्गणी रद्द करताना त्रास होतो, शुल्क जास्त आहे, ही विधाने पहिल्या प्रकारची. त्यांबाबत ग्राहक हा प्रत्यक्ष साक्षीदार असतो आणि त्याचे म्हणणे मोलाचे असते. ‘आकडे अगदी अचूक आहेत’ हे विधान मात्र दुसऱ्या प्रकारचे आहे. एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला गेला हे ग्राहकाने स्वतः मोजलेले नसते. दुकानातील तराजू खरा की खोटा हे ठरविण्यासाठी प्रमाणित वजन लागते. ते हाती नसताना तराजूची तारीफ केली, तर ती त्याच्या चकाकीची तारीफ ठरते. तारांकनात मात्र ही दोन्ही प्रकारची विधाने एकाच सरासरीत मिसळली जातात.

आकडा येतो कोठून?

गुगलने २०१३ साली जुने कीवर्ड टूल बंद करून कीवर्ड प्लॅनर आणले. हे मूलतः जाहिरातदारांसाठीचे साधन आहे. २०१६ पासून अल्प खर्च करणाऱ्या खात्यांना नेमक्या आकड्याऐवजी १० ते १००, १०० ते १,००० असे पल्ले दाखविले जाऊ लागले. शिवाय एकमेकांना जवळची शब्दरूपे एकत्र करून त्यांचा एकच आकडा देण्याची पद्धतही त्याच वर्षी रुळली. गुगल ट्रेंड्स हे २००६ पासूनचे साधन तर प्रत्यक्ष संख्या देतच नाही. ते ० ते १०० या मापावर केवळ सापेक्ष लोकप्रियता दाखविते.

खासगी साधने आपले आकडे अंदाजाने बांधतात. त्यासाठी गुगलची माहिती आणि वापरकर्त्यांच्या संगणकावरून गोळा झालेल्या हालचालींच्या नोंदी यांचा आधार घेतला जातो. या नोंदींचा पाया किती डळमळीत असू शकतो हे २०२० साली दिसले. अवास्त या कंपनीची जंपशॉट ही उपकंपनी अशा नोंदी विकत असे. वापरकर्त्यांच्या खासगीपणाविषयी ओरड झाल्यावर त्या वर्षी जानेवारीत ती बंद करण्यात आली. पुढे २०२४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी अवास्तला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. साधनाचा कच्चा माल बदलला तरी जुने तारे तसेच राहतात, ही गोष्ट अभिप्राय वाचणाऱ्याच्या लक्षात क्वचितच येते.

सोनागिरीचे उदाहरण :

सोनागिरी ही भोपाळच्या भेल वसाहतीजवळची, पिपलानी व इंद्रपुरी यांच्या शेजारची निवासी वस्ती आहे. समजा, तेथे कोणी शिकवणी वर्ग चालवितो आणि आपल्या संकेतस्थळासाठी योग्य शब्द शोधू पाहतो. पहिली अडचण नावाचीच आहे. मध्य प्रदेशातच दतिया जिल्ह्यात सोनागिरी हे प्रसिद्ध जैन तीर्थक्षेत्र आहे. नुसत्या ‘सोनागिरी’ या शब्दापुढे दिसणाऱ्या आकड्यात यात्रेकरूंचे शोध किती आणि भोपाळच्या पालकांचे किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. धुळे जिल्ह्यातील सोनगीरही उच्चाराने फार दूर नाही.

दुसरी अडचण भाषेची आहे. हिंदी भाषक ‘भोपाल’ लिहितो, मराठी भाषक ‘भोपाळ’ लिहितो आणि दोघेही अनेकदा रोमन लिपीतच टंकन करतात. हिंदीत ‘में’ हा शब्द सुटा राहतो; मराठीत ‘सोनागिरीत’, ‘सोनागिरीतील’, ‘सोनागिरीमधील’ अशी प्रत्यय जोडलेली रूपे होतात. एकच गरज अशा पाच-सात रूपांत विखुरते. साधन ही रूपे एकत्र मोजते की वेगळी, यावर निष्कर्ष अवलंबून असतो. इंग्रजी बाजारपेठेत काम करणाऱ्या ग्राहकाला हा प्रश्न पडतच नाही; म्हणून त्याच्या अभिप्रायात त्याचे उत्तरही सापडत नाही.

तिसरी अडचण हिशेबाची आहे. एखाद्या शब्दाचा पल्ला १० ते १०० असा आला आणि शोधणाऱ्या दर शंभरांपैकी पाच जण वर्गात दाखल होतील असे गृहीत धरले, तर महिन्याला कधी अर्धा विद्यार्थी मिळतो तर कधी पाच. सेमरशच्या प्राथमिक योजनेचे मासिक शुल्क २०२४ साली सुमारे १४० डॉलर, म्हणजे अकरा-बारा हजार रुपये होते. पाच विद्यार्थी आले तर हा खर्च कदाचित निघेल. अर्ध्या विद्यार्थ्यात तो बुडीतच समजावा. मोठ्या कंपनीला क्षुल्लक वाटणारी चूक येथे वर्गचालकाच्या खिशाला झोंबते.

अभिप्रायांचा कल :

अभिप्राय लिहिणारे हे सर्व ग्राहकांचे प्रतिनिधी नसतात. हू, पावलू व झांग यांनी २००९ साली दाखविले की ऑनलाइन अभिप्राय बहुधा दोन टोकांना गोळा होतात. फार खूश असलेले आणि फार रागावलेले लोक लिहितात, मधले गप्प राहतात. लुका व झर्वास यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात येल्पवरील बोस्टनच्या उपाहारगृहांविषयीचे सुमारे १६ टक्के अभिप्राय संशयास्पद म्हणून गाळले गेल्याचे आढळले. शोधशब्द-साधनांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. त्यांची शिफारस करणाऱ्यांपैकी अनेकांना प्रत्येक विक्रीमागे दलाली मिळते. शिवाय हे लेखक स्वतः विपणनाच्याच धंद्यात असल्याने आकर्षक लिहिणे हे त्यांचे रोजचे काम असते.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. भारतात जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याने कंपनीशी असलेला आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय.एस. १९००० हे मानक आणले. प्रारंभी ते ऐच्छिक होते. मात्र अशा नियमांनी खोटेपणाला आळा बसला तरी प्रामाणिक ग्राहकाचे अज्ञान दूर होत नाही.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की एकाचे मत चुकले तरी हजारोंची सरासरी चुकत नाही. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच हे खरे. सर्व ग्राहक तोच अंदाज पाहून, तो पडताळता येत नसताना मत देत असतील, तर हजार मते मिळूनही ज्ञान एकाइतकेच राहते.

समारोप :

यावरून अभिप्राय टाकून द्यावेत असे नव्हे. ते वेगवेगळे करून वाचावेत. लिहिणाऱ्याने स्वतः काय अनुभवले, तो कोणत्या भाषेत व किती मोठ्या बाजारात काम करतो, आणि शिफारशीतून त्याला काही मिळते का, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याने प्रत्येक अभिप्रायास विचारावेत. अचूकतेची पारख वर्गात करता येते. महाविद्यालयाच्या संकेतस्थळाचे एखादे पान ज्या शब्दांसाठी शोधनिकालात वरच्या स्थानी असते, त्या शब्दांवर ते किती वेळा दिसले हे गुगल सर्च कन्सोलमध्ये पाहावे आणि साधनाच्या अंदाजाशी ताडून घ्यावे. फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द तेथे खासगीपणासाठी लपविले जातात, ही मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगावी. अशा शब्दांसाठी दाखल होणाऱ्या प्रत्येक पालकाला ‘आपण आम्हांस कसे शोधले?’ असे विचारून वहीत नोंद ठेवणे हाच अधिक भरवशाचा मार्ग आहे. सोनागिरीच्या वर्गचालकाला साडेचार ताऱ्यांपेक्षा ही वही अधिक सांगेल. साधन कसे चालवावे याबरोबरच त्याच्या आकड्यावर किती विसंबावे हेही विद्यार्थ्याला शिकविले, तरच विषय पूर्ण शिकविला असे म्हणता येईल.