पुनरावृत्ती आणि तिचे कारण : ‘स्केचपॅड’चा पुनर्विचार

यंत्ररचनेत एकच भाग अनेक ठिकाणी योजावा लागतो. संगणकावरील जुळणीत असे भाग कसे मांडावेत, हा प्रश्न बहुधा केवळ सोयीचा मानला जातो. थोड्या वेळात काम उरकले की मांडणी कार्यक्षम ठरली, असे समजतात. ही समजूत अपुरी आहे, असे आमचे मत आहे. ते तपासण्यासाठी या विद्येच्या एका मूळ ग्रंथाकडे वळणे इष्ट होईल.

इव्हान सदरलंड यांनी १९६३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला सादर केलेल्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ या आज्ञावलीचे विवेचन आहे. मूळ आकृती एकदाच काढावी आणि तिची प्रतिरूपे हवी तेथे योजावीत, ही तिच्यातील एक प्रमुख कल्पना. प्रतिरूपासाठी रेषा पुन्हा साठविल्या जात नाहीत. त्याचे स्थान, आकारमान आणि कल सांगणाऱ्या चार संख्या पुरतात. प्रतिरूपांच्या समूहाचेही पुन्हा प्रतिरूप करता येते. या रीतीने नऊशे षट्कोनांची जाळी सुमारे अर्ध्या तासात सिद्ध झाली. हाताने तीच काढण्यास आरेखन विभागाने दोन दिवसांचा अंदाज दिला होता. परंतु खरा लाभ वेळेच्या बचतीचा नव्हे. मूळ षट्कोनाच्या जागी अर्धवर्तुळ येताच सगळी जाळी माशाच्या खवल्यांसारखी दिसू लागते, यात तो आहे. आकाराविषयीचा निर्णय एकाच ठिकाणी राहतो, म्हणून तो एकाच ठिकाणी बदलता येतो.

तथापि, पुनरावृत्तीत दोन निर्णय असतात : वस्तू कोणती, आणि ती किती व कोठे. प्रतिरूपाच्या कल्पनेने पहिला निर्णय जपला, दुसरा जपला नाही. षट्कोन एकमेकांना कोपऱ्यांशी जोडलेले राहतात हे खरे. पण ते नऊशेच का, हे त्या जाळीत कोठेही नोंदलेले नसते.

ही उणीव क्षुल्लक नाही. अमेरिकन प्रमाणातील १५० वर्गाच्या ८ इंची नळाच्या फ्लँजला ३/४ इंची ८ बोल्ट लागतात. १० इंची फ्लँजला ७/८ इंची १२. आता ८ इंची जुळणी १० इंची करावयाची आहे असे समजू. बोल्ट ही प्रतिरूपे असल्यास मूळ बोल्ट बदलताच आठही बोल्ट जाड होतील. परंतु प्रत्येक बोल्ट भोकाशी समाक्ष करून व त्याचे डोके पृष्ठभागाला टेकवून स्वतंत्रपणे बसविला असेल, तर सोळा बंधने लिहूनही बोल्ट आठच उरतील. चार भोके रिकामी राहतील, आणि साहित्याच्या यादीतही आठच बोल्ट मागविले जातील. चित्र दिसायला नीटनेटके असल्याने ही चूक अनेकदा प्रत्यक्ष जुळणीच्या वेळीच ध्यानात येते.

आजच्या आज्ञावलींत यावर उपाय आहे. एक बोल्ट बसवून उरलेल्यांची मांडणी फ्लँजवरील भोकांच्या वर्तुळाकार रचनेवरच सोपविता येते. भोके बारा झाली की बोल्टही बारा होतात, कारण बोल्ट तेथे असण्याचे कारणच भोक हे आहे. बंधने सोडविण्याचा संगणकाचा भारही यात हलका होतो. पण तो या रीतीचा दुय्यम गुण होय.

येथे एक आक्षेप संभवतो. सर्व पुनरावृत्ती नियमाने बांधली, तर अपवादाला जागा कोठे राहील? आक्षेप रास्त आहे. फ्लँजचा बोल्ट आणि शेजारच्या बेअरिंगच्या झाकणाचा बोल्ट आज एकाच मापाचे असतील. म्हणून दोन्हींची माळ एकच करणे चूक ठरेल. उद्या नळाचे माप बदलले, तर झाकणाने का बदलावे? केवळ रूपाचे साम्य म्हणजे पुनरावृत्ती नव्हे. कारणाचे साम्य हवे. ते नसेल तेथे भाग स्वतंत्रपणे बसविण्याचे श्रम पत्करणे हेच शहाणपणाचे.

सदरलंड यांच्या कल्पनेचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. किंबहुना तिचेच सूत्र पुढे नेले, की वरील निष्कर्ष निघतो. निर्णय ज्या ठिकाणी घेतला जातो, त्याच ठिकाणी तो नोंदला जावा. भाग किती लवकर मांडले, यावरून जुळणीची पारख करू नये. मूळ माप बदलल्यावर ती खरी राहते की नाही, यावरून करावी. विद्यार्थ्याने आपली जुळणी पूर्ण झाली असे म्हणण्यापूर्वी भोकांची संख्या एकदा बदलून पाहावी.